मागचा जुना झालाय

“तीन-एक होतोय. लिहून ठेव. त्याच्या वर जायचा नाही आणि खाली यायचा नाही.”

रविवारची दुपार, जेवणं झालेली. बायको ऋता स्वयंपाकघरात मागचं आवरत होती आणि गुरुप्रसाद हर्डीकर बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून फोनवर ओरडत होता. पलीकडे, म्हणजे पुण्यात, त्याचा मेहुणा अभिराम. हळू बोलणं गुरुप्रसादला कधी जमलंच नाही. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर काचेआड बसून पोरांना ‘उद्या या’ सांगणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच होतो, त्याला तो तरी काय करणार.

विषय कॉम्प्युटरचा होता, पण खऱ्या कॉम्प्युटरचा नव्हे. दिवाळीला आलेल्या अभिरामनं त्याच्या मशीनवर एक खेळ टाकून दिला होता. त्या खेळात आपलं एक कॉम्प्युटर जुळवायचं दुकान असतं. खोटी गिऱ्हाइकं येतात, खोटे सुटे भाग मागवायचे, पडद्यावर एकेक स्क्रू पिळून ते जोडायचे आणि शेवटी मशीनची परीक्षा घ्यायची. त्या परीक्षेला म्हणतात बेंचमार्क, आणि तिच्यात जे गुण पडतात तो स्कोअर. गिऱ्हाईक म्हणणार, मला इतका स्कोअर पाहिजे. कमी पडला की मशीन परत. गुरुप्रसादला सुरुवातीला नुसते स्क्रू पिळण्यातच मजा यायची. मग त्याच्या लक्षात आलं की कार्ड कुठलं, प्रोसेसर कुठला, कोण कोणाला खाली ओढतंय, हे बघून स्कोअर आधीच सांगता येतो. झालं. तेव्हापासून दाजी-मेहुण्यात पैजा लागायला लागल्या. आता दर वेळी ‘तीन हजार शंभर’ म्हणत बसायला वेळ कुणाला आहे? तीन हजार शंभर म्हणजे तीन-एक. चार हजार दोनशे म्हणजे चार-दोन.

बरं, ज्याचं त्यानं घरात बसून हे काय ते करावं, कुणाची ना नाही. पण खिडकी रस्त्याकडची, उन्हाळा म्हणून सताड उघडी, आणि खिडकीखाली बुरूज तालमीचा कट्टा. घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं.

कट्ट्यावर केरबातात्या बसले होते. केरबातात्या म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाचे वस्ताद. संध्याकाळी स्पर्धेतली मॅच होती, डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि वरून आकाशवाणी झाल्यासारखा आवाज आला, तीन-एक. तात्यांनी वर बघितलं, तंबाखूची चिमूट तशीच हातात राहिली. संध्याकाळी बुरूज तालीम तीन-एकनं जिंकली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण हे फांदीला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी सकाळी केरबातात्या जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“हर्डीकर, तुमाला कसं वो कळलं?”

“काय?”

“तीन-एक.”

गुरुप्रसादचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. या खेळाबद्दल त्याला घरात आजवर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. ऋता तर पडद्याकडे बघतसुद्धा नसे. त्यानं तात्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

“सोपं आहे हो तात्या. कमकुवत कोण आहे तेवढं बघायचं. चांगला असतो तो थोडं वर नेतो. पण वाईट असतो ना, तो सगळ्यांना घेऊन खाली येतो.”

केरबातात्या बघतच राहिले. जन्मभर पोरांना जे सांगून घसा बसला, ते या चष्मेवाल्यानं एका दमात सांगितलं होतं.

“आनि आता फुडचा?”

पडद्यावर एक मशीन अर्धवट जोडून पडलं होतं. साधंच होतं. “पुढचा दोन-शून्य,” गुरुप्रसाद म्हणाला.

सेमीफायनल दोन-शून्यच झाली. मग काय, हलगी, गुलाल आणि अख्खी तालीम जिन्यात. ‘कोण म्हणतंय, गुरुभाऊ म्हणतंय’ अशी घोषणासुद्धा तयार झाली होती. गुरुप्रसादच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाल पडला, तोंडात पेढा कोंबला गेला, आणि तो पेढा गिळता गिळता त्याला सगळा प्रकार कळला.

“तात्या, अहो थांबा, गैरसमज होतोय. ते बेंचमार्कचं…”

“व्हय की,” केरबातात्या म्हणाले. “बेंचवर मार्क ठेवलाच पायजे. कोण बेंचवर, कोण आत, सगळा खेळ तितंच हाय. ऐकलं काय रं पोरांनो?”

पोरांनी ऐकलं, आणि ‘गुरुभाऊंचं गणित’ म्हणून ते गल्लीभर झालं. गर्दी गेल्यावर ऋता केरसुणी घेऊन गुलाल झाडायला लागली.

“खरं सांगून टाका त्यांना.”

“सांगतो गं.”

“आजच सांगा. उद्या हे गळ्याशी येईल.”

“सांगतो म्हटलं ना.”

नाही सांगितलं. आणि का नाही सांगितलं तेही बोलून टाकायला हवं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला निघाला, तर पानपट्टीवाल्यानं हात वर केला. चहाच्या गाड्यावरची माणसं सरकली, “या गुरुभाऊ, घोटभर घ्या” म्हणाली. शिवाजी पेठेत जन्मून चाळिशी ओलांडलेला हा माणूस तोवर पेठेला ‘वरचे हर्डीकर’ म्हणून माहीत होता, आणि तेही भाड्याची खोली कुठं मिळेल विचारणाऱ्या पाहुण्याला पत्ता सांगण्यापुरतं. लहानपणी खाली पोरं चेंडू लाथाडायची आणि हा खिडकीतून बघायचा, कारण चष्मा फुटेल. मोठेपणी खाली उतरायला कारण उरलं नाही. आता पेठ त्याला नावानं हाक मारत होती. आवडलं त्याला. लई आवडलं. आवडण्यात चूक काही नव्हती, चूक पुढं झाली.

फायनलच्या आदल्या दिवशी सम्राट पास घेऊन आला. सम्राट हा संघाचा गोलकीपर, दोन घरं सोडून राहायचा, दूध संघाची गाडी चालवायचा. छत्तिशी गाठलेली, गुडघ्याला कायमचा पट्टा.

“गुरुभाऊ, उद्या या बरं का. ह्यो दोगांचा पास.”

“मी? अरे मला त्यातलं…”

“न्हाय म्हनू नका. शेवटची म्याच हाय माजी. ह्या वर्सानं बूट टांगायचं म्हनलंय. सासरची मान्सं बिद्रीस्नं टेम्पो करून यायलीत. पंदरा वर्सं खेळलो, पर फायनलला कदी आत उबा ऱ्हायलो न्हाय. कदी संघच गेला न्हाय, कदी हात मोडला. ह्या बारीला सगळं जुळून आलंय.”

हे सांगताना तो लाजल्यासारखा हसला. एवढा दांडगा माणूस, पण शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं तसा. गुरुप्रसादनं येतो म्हणून कबूल केलं. सम्राट गेल्यावर त्यानं मनाशी पक्कं ठरवलं की आता कुणी स्कोअर विचारला तरी सांगायचा नाही. संध्याकाळी केरबातात्यांनी खालून विचारलंच, तेव्हा ‘आधी बोललं की नजर लागते’ म्हणून त्यानं हात जोडले. तात्यांना ते पटलं. ऋतालासुद्धा बरं वाटलं.

इतकं सगळं शहाणपण केलं, पण खिडकी तेवढी लावायची राहिली. मे महिन्यात खिडकी लावून कोण बसतं?

दिवेलागणीला अभिरामचा फोन आला. त्याच्याकडं एक नडलेलं मशीन होतं. गिऱ्हाइकाला दोन-एक पाहिजे, आणि परीक्षा सुरू केली की मशीन मध्येच बंद पडतंय. गुरुप्रसादनं सगळे भाग विचारून घेतले आणि त्याला रोग सापडला. पॉवर सप्लाय. मशीनच्या मागच्या बाजूला बसवलेला वीजपुरवठ्याचा डबा. गिऱ्हाइकानं जुनाच दिला होता.

“अरे पुढचे सगळे चांगले आहेत,” गुरुप्रसाद त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. “त्यांचं काही चुकत नाही. मागचा जुना झालाय. समोरून जोर आला की तो बसतोय. त्याच्यात दम उरलेला नाही. उगाच माया करू नकोस, त्याला काढून बाजूला बसव, नवा घाल. दोन-एक होतोय की नाही बघ. लिहून देतो.”

खाली कट्ट्यावर एकदम सामसूम झाली. गुरुप्रसादला ती ऐकू आली नाही, कारण तो दुसऱ्या मशीनकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर नुसता दर्या लोटला होता. ऋता बायकांच्या बाजूला बसली. गुरुप्रसादला मात्र केरबातात्यांनी मानाचा पाहुणा म्हणून खास संघाच्या बेंचमागं खुर्ची टाकून दिली. त्यानं चष्मा पुसून मैदानावर सम्राट कुठं दिसतो बघितलं. गोलात एक कोवळा, उंच पोरगा उड्या मारत होता, ज्याला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. सम्राट बेंचवर होता. अंगात खेळायचे कपडे, गुडघ्याला पट्टा, हातमोजे मांडीवर.

“तात्या, सम्राट बाहेर कसा?”

“तुमीच म्हनला की.” केरबातात्यांचा आवाज बसलेला होता, रात्रभर झोप नसावी. “मागचा जुना झालाय, माया करू नको. मनाला पटंना वो. माज्या हाताखाली वाडलेलं पोरगं हाय ते. पर तुमचा शबुद.”

“अहो ते सम्राटला नव्हतं. पॉवर सप्लायला म्हणालो मी.”

“व्हय, पॉवरच कमी पडाय लागली त्याची. गुडघा दुकतोय, दुसरं काय.”

“तसं नाही हो, मी आत्ताच सगळ्यांना…” गुरुप्रसाद उठून उभा राहिला.

“खाली बसा की पावनं,” मागून कुणीतरी सदरा ओढला. “का तुमच्या पाठीवरच म्याच बगू?”

शिट्टी वाजली. गुरुप्रसाद बसला. पलीकडच्या स्टँडमध्ये केशरी फेट्यांचा एक मोठा घोळका होता, तो बिद्रीचा. सुरुवातीला ती माणसं ‘सम्राट, सम्राट’ म्हणून ओरडत होती. मग गोलातल्या पोराकडे बघून त्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला, आणि शेवटी ती नुसतीच बसून राहिली. सम्राट त्या बाजूला बघत नव्हता.

मध्यंतराला एक-एक बरोबरी होती. समोरच्यांचा गोल अगदीच सोपा गेला होता, त्या पोराच्या हातातून चेंडू साबणासारखा निसटला होता. केरबातात्या घाम पुसत खुर्चीपाशी आले.

“गुरुभाऊ, पोरगं घाबरलंय. आजून येळ हाय. सम्राटला घालू काय?”

इथं नुसतं ‘घाला’ म्हणायचं होतं. एक शब्द. कुठल्याही गणिताची गरज नव्हती, कॉम्प्युटरची नव्हती, खरं-खोटं काही कबूल करायचीही नव्हती. पण गुरुप्रसादच्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? एक-एक झालेत, म्हणजे आणखी एक झाला की दोन-एक. अख्खं स्टेडियम त्याच्याकडे बघत होतं. आपला आकडा आता होतच आलाय, जे चाललंय त्याला हात कशाला लावा, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, आणि नंतर कितीही डोकं आपटलं तरी ते वाटलेलं पुसून निघणार नव्हतं.

“थांबूया,” तो म्हणाला.

बुरूज तालीम दोन-एकनं जिंकली. लोक मैदानात घुसले, त्या पोराला कुणी खांद्यावर घेतलं, गुरुप्रसादलाही उचलायचा प्रयत्न झाला. चष्म्यातून गुलालापलीकडे त्याला एवढंच दिसलं की सम्राट हातमोजे एकावर एक ठेवून नीट घडी करत होता आणि बिद्रीची माणसं टेम्पोकडे निघाली होती. घरी आल्यावर ऋतानं त्याचा गुलालानं माखलेला सदरा बादलीत बुडवला आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत सत्कार होता. संघाचा आणि गुरुभाऊंचा. गुरुप्रसादनं दिवसभर ठरवलं होतं की त्या सत्कारातच माइक हातात घ्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. मग पेठ हसो नाही तर मारो. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात सम्राट, हातात फेट्याचं कापड.

“वस्तादांनी धाडलंय. बसा, फेटा बांदतो. तालमीत माज्यासारका फेटा कुनाला जमत न्हाय.”

गुरुप्रसाद खुर्चीत बसला. सम्राट मागं उभा राहिला आणि त्यानं पहिला वेढा घातला.

“गुरुभाऊ, एक इचारू?”

“विचार की.”

“काल मी आत असतो तर काय झाला असता स्कोअर?”

गुरुप्रसादला वाटलं, दुसरं काही नाही तर निदान एवढं तरी या माणसाला द्यावं.

“दोन-शून्य,” तो म्हणाला.

सम्राटचे हात थांबले. “म्हंजी त्यो गोल मी आडवला असता.”

“अडवला असतास. नक्की.”

आणखी एक वेढा पडला. “मग मला बसवाय कशापायी सांगिटलं?”

स्वतःच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तो असा. गुरुप्रसादनं डोळे मिटून घेतले.

“सम्राट, मी तुला म्हणालोच नव्हतो रे. मी पॉवर सप्लायला म्हणालो होतो.”

“त्यो कुटल्या तालमीचा?”

“तालमीचा नाही. कॉम्प्युटरला वीज देणारा डबा असतो. मागं बसवतात तो.” मग त्यानं सगळंच सांगितलं. खेळ, खोटी गिऱ्हाइकं, तीन हजार शंभरचं तीन-एक, पुण्याचा मेहुणा, उघडी खिडकी. ऋता चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली.

“म्हंजी फुटबॉलातलं तुमाला?”

“काही कळत नाही. कालची मॅच मी जन्मात पहिल्यांदा बघितली.”

सम्राटनं कापड दातात धरून पीळ दिला. मग शांतपणे म्हणाला, “आनि हाफटाइमला? तवा तर डब्याचं न्हवतं. वस्तादानं सरळ इचारलं, सम्राटला घालू काय. मी तितंच म्होरं बसलेलो. ऐकलं मी.”

याला उत्तर होतं. पण ते इतकं हलकं होतं की बाहेर पडेना. माझा आकडा चुकला असता, असं कुणाला कसं सांगायचं?

“माझं चुकलं,” गुरुप्रसाद म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “फार चुकलं. मी आता खाली जातो आणि सगळ्यांसमोर सांगतो. चल.”

“बसा. मान हलवू नका, सुटतंय.” सम्राटनं त्याचा खांदा दाबून धरला. “सांगायचं न्हाय.”

“अरे पण तुझ्यावर अन्याय…”

“ऐका. काल सासरा जाताना म्हनला, जावई, वाईट वाटून घिऊ नका, त्ये गनित हुतं, गनिताम्होरं कोन काय करनार. वस्ताद पन त्येच म्हनत्यात, गल्लीत पन त्येच. पंदरा वर्सं खेळलो आनि गनितानं बसलो, असं हाय आत्ता. ह्यात मानसाचा मान ऱ्हातोय थोडा. तुमी माइक घिऊन सांगनार, डब्यापायी बसला. म्हंजी उद्यापासनं माजं नाव डबा. पोरं झाली तरी डब्याची पोरं. पेठ हाय ही गुरुभाऊ, तुमाला म्हाईत न्हाय.”

दारातल्या ऋतानं पदरानं डोळे टिपले आणि ती कप घेऊन परत आत गेली.

“तवा तुमी गनितच सांगायचं,” सम्राट तुरा काढत म्हणाला. “आनि फुडल्या वर्साला बी यायचं म्याचला, खुर्चीत बसायचं, स्कोअर सांगायचा. एकदम सोडलं, तर लोकास्नी शंका येती. काय?”

गुरुप्रसाद होकार द्यायला लागला.

“हलवू नका म्हनलं की मान.”

“बरं,” तो नुसता तोंडानं म्हणाला.

खाली हलगी सुरू झाली. केरबातात्यांनी दोनदा हाक मारली. सम्राटनं शेमला पाठीवर नीट सोडला, दोन पावलं मागं सरून आपलं काम बघितलं, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि दार उघडून धरलं. गुरुप्रसाद मान ताठ ठेवून जिना उतरला.